गिरगावचे खिळे आणि संकेतस्थळांचे साचे

लग्नसराई आली की गिरगावातल्या लहान छापखान्यांत ग्राहकापुढे एक जाडजूड वही सरकवली जाई. तीत पूर्वी छापलेल्या पत्रिका चिकटवलेल्या असत. ग्राहक पाने उलटी, एका पत्रिकेवर बोट ठेवी आणि म्हणे, "अशीच द्या, नावे तेवढी आमची." वरचा गणपतीचा ठोकळा, कडेची वेलबुट्टी, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही सुरुवात, सारे तयार असे. जुळारी नावे, तिथी आणि कार्यालयाचा पत्ता बदली आणि काम भागे. आज एखादी शाळा, पतपेढी किंवा उत्सव मंडळ संकेतस्थळ करून घ्यायला जाते तेव्हा हाच प्रसंग पडद्यावर घडतो. करून देणारा दहा-बारा तयार नमुने दाखवतो, ग्राहक एकावर बोट ठेवतो. या नमुन्याला टेम्प्लेट म्हणतात. आपण त्याला साचा म्हणू.

साचा वापरण्यात कमीपणा नाही. वेळ वाचतो, पैसा वाचतो, आणि नवशिक्याच्या हातूनही काम नेटके दिसते. प्रश्न निराळाच आहे, आणि तो आमच्या ध्यानात आला तो एका शाळेमुळे.

परळमधील या शाळेने २००१ साली संकेतस्थळ करून घेतले होते. शाळेचा इतिहास, गिरणी कामगारांसाठी चालणाऱ्या रात्रीच्या वर्गांची हकीकत, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी असा चाळीसएक पानांचा मजकूर त्यासाठी मुद्दाम लिहवून घेतला होता. पुढे संकेतस्थळाचे वार्षिक पैसे भरायचे राहिले आणि ते बंद पडले. तबकडी मात्र मुख्याध्यापकांच्या कपाटात होती. वीस वर्षांनी ती आमच्यापुढे आली. आम्ही ती उघडली, तर पडद्यावर मराठीचा मागमूस नाही. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे, डोक्यावर टिंबे असलेली युरोपी अक्षरे, यांची नुसती खिचडी. त्याच कपाटात शाळेची जुनी स्मरणिका होती. खिळे जुळवून छापलेली, कडेने वाळवी लागलेली. पण तिचे पान न् पान वाचता येत होते.

नवे हरवले आणि जुने टिकले, हे कसे? कागद टिकाऊ म्हणून, हे उत्तर चटकन सुचते. पण तबकडीवरचे ठिपके जसेच्या तसे होते, एकही पुसला गेला नव्हता. हरवला होता तो ठिपक्यांचा अर्थ. तो का हरवला हे पाहायचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागते.

१८०५ या एकाच वर्षी मराठी मुलखाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी छापल्या गेल्या. मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्‌गीता छापण्यात आली. तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यातून विल्यम केरीचे मराठी व्याकरण निघाले. त्यातली नागरी अक्षरे सुट्या खिळ्यांची होती. मिरजेच्या पद्धतीत पान म्हणजे एक अखंड चित्र. कोरणाऱ्याचा हात जसा वळेल तसे अक्षर, यंत्राचे बंधन नाही. पण त्या पत्र्यातून गीतेखेरीज दुसरे काही छापता येत नाही आणि चुकलेला शब्द बदलणे जिकिरीचे. खिळ्यांचे उलटे आहे. आज गीतेसाठी जुळवलेला 'क' उद्या सोडवून व्याकरणात बसवता येतो. या सोयीची किंमत म्हणजे लिपीचे आधी तुकडे करावे लागतात. कोणते तुकडे, किती आणि कसे, या प्रश्नाशी देवनागरी पुढची दोनशे वर्षे झुंजत राहिली.

रोमन लिपीत लहानमोठी अक्षरे, अंक, विरामचिन्हे धरून शंभर-सव्वाशे खिळ्यांत काम होते. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, पायाशी उकार, पुढे वेलांटी, मागे काना, आणि वर जोडाक्षरांचा संसार. प्रत्येक जोडणीला वेगळा खिळा पाडला तर जुळाऱ्याला सातशे-आठशे घरे सांभाळावी लागतील. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात १८३० च्या दशकात यावर वाट निघाली. मुख्य अक्षर एका खिळ्यावर, वरच्या मात्रा आणि खालचे उकार निराळ्या बारीक खिळ्यांवर, आणि ते एकावर एक रचायचे. या पद्धतीला छापखान्यात 'डिग्री' म्हणत. मात्रेसकट ओतलेल्या खिळ्यांना 'अखंड'. मिशनच्या छापखान्यात तयार झालेल्या टॉमस ग्रॅहम या ठसे कोरणाऱ्याचे नाव या तुकडे पाडण्याच्या कामाशी जोडले जाते.

याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी मात्र स्वतःसाठी प्रथम दुसरा मार्ग धरला. १८३१ साली त्यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शिळाप्रेस म्हणजे दगडावर तेलकट शाईने लिहायचे आणि त्यावरून छाप घ्यायचे. मिरजेच्या पत्र्यासारखेच इथेही पान हे चित्र असते. पंचांगासाठी ही निवड फार शहाणपणाची होती असे आम्हाला वाटते. रकाने, आकडे, संक्षेप यांनी भरलेले पान खिळ्यांत जुळवणे त्रासाचे, आणि वर्ष सरले की तो मजकूर कोणाला हवा? दगड घासायचा आणि नव्या वर्षाचे लिहायचे. पुढे पुस्तके छापायची वेळ आली तेव्हा याच गणपत कृष्णाजींनी खटपट करून स्वतःचे खिळे पाडले. साधन निवडताना काम किती दिवसांचे आहे, याचा विचार करणारा हा कारागीर होता.

खिळ्यांना देखणेपण दिले ते जावजी दादाजींनी. १८३९ साली जन्मलेले जावजी लहानपणी मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यात निष्णात होते. काळबादेवीजवळच्या कोलभाट लेनमधील या छापखान्यातून पंचांगे निघाली, १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक निघाले, १८८६ पासून संस्कृत ग्रंथांची 'काव्यमाला' निघाली. पण निर्णयसागरचा प्रभाव त्याच्या पुस्तकांपुरता नव्हता. त्याचे खिळे इतर छापखाने विकत घेत. आज आपण ज्याला मुंबई वळणाचे अक्षर म्हणतो ते रुळले त्यात या विक्रीचा वाटा मोठा होता. एका घराचा साचा अनेक घरांनी वापरायचा, ही पद्धत इथे व्यापार म्हणून उभी राहिली. (जाता जाता, याच शहरात १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे खिळे ओतण्याच्या वेगवान यंत्रामागे लागून परदेशी गेले. त्याआधी त्यांनी मुंबईत 'विविध कलाप्रकाश' हे विज्ञानविषयक मासिक चालवले होते, हे आपल्या वाचकांना आवडेल.)

इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. निर्णयसागरचे खिळे आणि दुसऱ्या कारखान्याचे खिळे यांची घरे वेगवेगळ्या जागी मांडलेली असली, तरी त्याने वाचकाचे काही बिघडत नसे. 'क'चे घर डावीकडून तिसरे की सातवे हे जुळाऱ्याने जाणायचे. वाचकाच्या हाती जाई तो छापलेला 'क'. घरांची मांडणी छापखान्यातच राही.

यंत्रे आली तसे तुकड्यांचे गणित आणखी आवळत गेले. लायनोटाइप यंत्राच्या एका पेटीत ९० नळ्या, म्हणजे ९० साचे. इंग्रजीला ते पुरतात. अमेरिकेत राहणाऱ्या हरि गोविंद गोविल यांच्या खटपटीने १९३० च्या दशकात हे यंत्र देवनागरीसाठी तयार झाले. टंकलेखन यंत्रावर तर याहून कमी कळा. मग वादाला तोंड फुटले: लिपीला बसेल असे यंत्र घडवायचे, की यंत्राला बसेल अशी लिपी छाटायची? सावरकरांनी स्वरांची चिन्हे कमी करण्यासाठी 'अ'ची बाराखडी सुचवली. 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना 'अितिहास', 'अुद्योग' अशी छपाई आठवेल. लिपीने हे बदल शेवटी पचवले नाहीत, पण या खटाटोपातून एक सवय मागे राहिली. अक्षर म्हणजे आकारांचे तुकडे, आणि ते डोळ्याला दिसतात त्या क्रमाने मांडायचे. 'कि' लिहायचे तर आधी वेलांटी, मग क. 'ख', 'ग', 'श' यांचे अर्धे अंग आधी आणि मग काना. टंकलेखन शिकलेल्या प्रत्येकाच्या बोटांत हा क्रम बसला.

ही सवय घेऊन मराठी संगणकावर आली. त्या काळच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा, त्यातल्या काही संगणकाच्या कामासाठी राखीव. म्हणजे लायनोटाइपचीच अडचण, थोड्या मोठ्या पेटीत. फाँट करणाऱ्यांनी ग्रॅहमचाच उपाय केला. अर्धी अक्षरे, काना, मात्रा, रफार असे तुकडे पाडून, जिथे इंग्रजीची अक्षरे बसतात त्या जागांवर ते बसवले. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. छपाईपुरते पाहिले तर यात काही वावगे नव्हते. दादर-गिरगावच्या डीटीपी केंद्रांतून अशा फाँटमध्ये हजारो पुस्तके निघाली आणि ती आज सुखाने वाचता येतात, कारण कागदावर शेवटी आकारच उमटतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. वर्षादोनवर्षांत संकेतस्थळे करून देणारे तरुण दिसू लागले. साध्या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने सूचना लिहाव्यात, की १९९६ साली मायक्रोसॉफ्टकडे आलेले फ्रंटपेज घ्यावे, की १९९७ च्या अखेरीस निघालेले मॅक्रोमीडियाचे ड्रीमविव्हर घ्यावे, अशी चर्चा त्यांच्यात चाले. फ्रंटपेजमध्ये रंग, बटणे, पार्श्वभूमी यांचे तयार संच असत. ड्रीमविव्हरमध्ये लवकरच अशी सोय झाली की पानाचा काही भाग कुलूपबंद ठेवायचा आणि ग्राहकाचा मजकूर येईल तेवढाच भाग मोकळा ठेवायचा. लग्नपत्रिकेच्या वहीचीच ही सुधारलेली आवृत्ती.

मराठीची अडचण या निवडीत येतच नसे, कारण ही साधने इंग्रजी मजकूर गृहीत धरून केलेली होती. मराठी संकेतस्थळ हवे म्हटले की दोन वाटा उरत. एक, मजकुराचे चित्र करून पानावर चिकटवायचे. दिसायला सुंदर, कोणत्याही संगणकावर तसेच दिसणार. पण त्यातला शब्द शोधता येत नाही, उचलता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. ही मिरजेची गीता आणि गणपत कृष्णाजींचा दगड. दुसरी वाट, डीटीपीचा फाँट वापरायचा आणि वाचकाला सांगायचे की आधी हा फाँट उतरवून घ्या. फाँट पानाबरोबर आपोआप पाठवण्याचे तंत्र १९९७ च्या सुमारास आले. त्याचेही दोन न जुळणारे प्रकार, एका न्याहाळकात चालणारा दुसऱ्यात चालत नसे. अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे काही वर्षे याच वाटेने चालली.

आता शाळेच्या तबकडीचे कोडे सुटते. तिच्यात 'क' नव्हताच. तिच्यात होता एका विशिष्ट पेटीतल्या अमुक क्रमांकाच्या घराचा उल्लेख, आणि पेटी हरवली होती. जी घरांची मांडणी एरवी छापखान्यात राहायची तीच इथे मजकूर म्हणून वाचकाच्या हवाली केली गेली होती.

खेदाची गोष्ट अशी की यावरचा उपाय तेव्हा तयार होता. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यामागे आयआयटी कानपूर आणि पुण्यातील सी-डॅक येथील काम होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ जागा होत्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. यातला विचार ग्रॅहमच्या उलट आहे. इथे आकार साठवत नाहीत, उच्चार साठवतात. 'कि' म्हणजे आधी क, मग इकार, जसा आपण पहिलीच्या वर्गात शिकवतो तसा. 'र्क' म्हणजे आधी र, हलन्त, मग क. रफार उच्चारात आधी येतो म्हणून साठवतानाही आधी. वेलांटी डावीकडे काढायची आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा हे काम पडद्यावर दाखवताना फाँटने करायचे. जगातल्या प्रत्येक युनिकोड फाँटमध्ये 'क'चा क्रमांक एकच: षोडशमान पद्धतीत ०९१५. पेटी कोणाचीही असो, घर तेच.

पण नियम कागदावर असणे आणि टेबलावरच्या संगणकात चालणे यांत काही वर्षे गेली. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली, तिच्यासोबत 'मंगल' हा फाँट आला. तो घडवणारे र. कृ. जोशी सर जे. जे.मध्ये शिकलेले, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले आणि पुढे पवईच्या आयआयटीत शिकवणारे सुलेखनकार होते. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्येच. म्हणजे आपल्या शाळेने संकेतस्थळ करवून घेतले तेव्हा दोन्ही दारे उघडी होती. करून देणाऱ्याने हाताशी असलेला फाँट उचलला, आणि ग्राहकाने विचारले नाही. कोणी विचारायचे हेच ठाऊक नव्हते.

साच्यांच्या बाजूनेही एव्हाना सुधारणा झाली होती. पानाचा मजकूर एकीकडे आणि रूप सांगणारे नियम दुसरीकडे, अशी फारकत करणारी सीएसएस ही पद्धत डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झाली. २००३ साली वर्डप्रेस निघाले आणि २००५ पासून त्यात रूपाचे संच बदलण्याची सोय झाली. मजकूर कोठारात सुरक्षित, साचा आज हा, उद्या तो. ही फारकत किती मोलाची, हे कळायला मोठमोठी साधने कशी अस्तंगत झाली ते पाहावे. फ्रंटपेज २००६ साली थांबवले गेले. जिओसिटीज, जिथे लाखो लोकांनी तयार साच्यांत आपली पाने मांडली होती, ते २००९ साली बंद झाले.

युनिकोड आला म्हणून सारे आलबेल झाले असे मात्र नाही. साचे अजूनही बहुधा इंग्रजीसाठी बेतलेले असतात, आणि त्यात मराठी ओतली की ठरावीक ठिकाणी ती मोडते. इंग्रजी मथळ्यात अक्षरे जरा सुटी ठेवण्याची रीत आहे. तो नियम देवनागरीला लागला की शिरोरेषा तुटून अक्षरे दातांसारखी फटीफटीने उभी राहतात. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाचे असले तर 'र्कीं'सारख्या अक्षराचे रफार-अनुस्वार कापले जातात. साच्यात भाषेची नोंद 'ई-एन' अशी राहिली असेल, तर ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' असतो त्यातही हिंदी वळण दिसते. तिथे 'एम-आर' एवढी दोन अक्षरे लिहिली की काम होते. आणि आपला तो ऱ्या! तो नीट न काढणाऱ्या फाँटमध्ये स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यांना दिलेली सूचना थेट आचार्यांना जाऊन पोहोचते. आज मराठीसाठी चांगले मुक्त फाँट उपलब्ध आहेत, मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' त्यांतलेच. तेव्हा फाँट नाही ही सबब आता चालणार नाही.

शाळेसाठी संकेतस्थळ करून घेताना शिक्षकाला या साऱ्याची परीक्षा दोन मिनिटांत घेता येते. दाखवलेल्या नमुन्यात इंग्रजी मजकुराऐवजी आपलाच एक परिच्छेद घालायला सांगावा. त्यात ऱ्या, ळ, रफार, र्कीं, ज्ञ असे शब्द मुद्दाम असू द्यावेत. मग त्यातला एक शब्द निवडून, उचलून, साध्या टिपणवहीच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवावा. तिथेही तो मराठीच राहिला तर मजकूर जिवंत आहे. निवडताच आला नाही तर ते चित्र आहे. निवडला आणि खिचडी झाली तर पेटी कोणाची आहे ते विचारावे. शेवटी साचा बदलायला सांगावा. मजकूर पुन्हा टंकित करावा लागेल असे उत्तर आले तर दुसरा माणूस गाठावा. नववी-दहावीची मुले ही परीक्षा आनंदाने घेतात, असा आमचा अनुभव आहे.

त्या तबकडीचे काय झाले? फाँटचे नाव पानांच्या सूचनांत लिहिलेले सापडले. त्यावरून घरांचा तक्ता मिळाला आणि एका लहान प्रोग्रामने ठिपक्यांना पुन्हा अक्षरे केले. वेलांट्या डावीकडून उचलून जागेवर ठेवल्या, रफार मागे सरकवले. चाळीसपैकी तेहतीस पाने सुटली. उरलेली सात पाने चित्रे होती, ती मुलांनी वाटून घेऊन पुन्हा लिहून काढली. मग तपासणी सुरू झाली, आणि आठवीतली एक मुलगी रात्रीच्या वर्गांच्या पानावर अडली. तिथे 'दुसर्या पाळीचे कामगार' असे आले होते, वर रफार चढवून. हा कोणता शब्द, असे तिने विचारले. ज्यांनी तो लिहिला त्यांतले कोणी हयात आहेत का, हे पाहण्याआधी आम्ही कपाटातली स्मरणिका काढली. खिळ्यांनी छापलेल्या त्या पानावर, किंचित तुटलेला पण स्पष्ट, दुसऱ्या पाळीचा ऱ्या होता. तिने तो पाहून घेतला आणि प्रोग्रामच्या तक्त्यात एक ओळ वाढवली.